गाय का उलटते?
गायीच्या भ्रूणाचे पहिले दिवस आणि जनुकांना येणारी जाग

वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र आहे. रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर पोहोचवणारा हा समाज. गुराढोरांशी त्याचे नाते शतकांचे आहे. योगायोग असा, की ५ ऑक्टोबर २०२४ रोजी ह्याच ठिकाणी झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते गोपालनाशी संबंधित दोन नव्या गोष्टी देशाला सादर झाल्या. पहिली म्हणजे देशी गायींसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ ह्या जनुकीय चाचणीच्या चिप. दुसरी म्हणजे लिंगविनिश्चित वीर्यमात्रा तयार करण्याचे देशी तंत्र. ह्या तंत्रामुळे एका वीर्यकांडीची किंमत सुमारे २०० रुपयांनी कमी होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले.

चिप जनावराची जनुके वाचते आणि कांडी कालवडच जन्माला येण्याची शक्यता वाढवते. म्हणजे दोन्ही तंत्रे आनुवंशिकतेची आहेत. दहावीच्या वर्गात आनुवंशिकतेचा धडा चालू असताना घरी गाय असलेला एखादा मुलगा सहज विचारील, “कांडी चांगल्या वळूची होती, तरी आमची गाय तिसऱ्यांदा उलटली. असं का?” हा प्रश्न साधा नाही. तीनदा उलटलेली गाय पुष्कळदा आठवडी बाजाराची वाट धरते. दोष गायीचा, कांडीचा, की भरवणाऱ्या माणसाचा, ह्यावर घरात वादही होतात. खरे उत्तर मात्र बहुतेक वेळा अशा ठिकाणी असते, जिथे कोणाचीच नजर पोहोचत नाही : फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, मोहरीच्या दाण्याहूनही लहान असलेल्या एका भ्रूणात.

ह्या लेखात त्या दिवसांची ओळख करून घेऊ. ती करून घेताना एक मुद्दा पुन्हा पुन्हा समोर येईल. जनुके मिळणे ही एक गोष्ट आहे आणि ती योग्य वेळी कामाला लागणे ही दुसरी. पाठ्यपुस्तक पहिलीविषयी भरपूर सांगते. दुसरीविषयी मात्र फारसे बोलत नाही.

एकवीस दिवसांचे कोडे

गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते. माजाच्या वेळी कृत्रिम रेतन झाले आणि गाय गाभण राहिली, तर पुढचा माज येत नाही. माज आलाच, तर आपण म्हणतो ‘गाय उलटली’. ह्यावरून फलनच झाले नाही, असा सर्वसाधारण समज होतो.

आयर्लंडमधील डिस्किन आणि स्रीनन ह्या शास्त्रज्ञांनी १९८० साली कालवडींवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. रेतनानंतर वेगवेगळ्या दिवशी त्यांनी अंडपेशी आणि भ्रूण तपासले. सुमारे ९० टक्के अंडपेशींचे फलन झाले होते. परंतु सहा आठवड्यांनंतर जिवंत भ्रूण उरले ते ६० टक्क्यांहूनही कमी कालवडींत. ही घट मुख्यतः पहिल्या अडीच आठवड्यांत झालेली होती. ह्या निरोगी, नीट सांभाळलेल्या कालवडी होत्या. भरपूर दूध देणाऱ्या, उन्हाने किंवा अर्धपोटी राहिल्याने थकलेल्या गायींत हे चित्र आणखी वाईट असते. थोडक्यात, उलटलेल्या अनेक गायी प्रत्यक्षात काही दिवस ‘आई’ होऊन गेलेल्या असतात.

मग गायीला ते कळत का नाही? कारण तिला गर्भ आहे हे सांगण्याचे काम भ्रूणाचे आहे आणि ते काम तो सोळाव्या दिवसाच्या आसपास करतो. माजानंतर बीजकोशात ‘पीतपिंड’ तयार होतो. त्यातून येणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भाशयाला गर्भधारणेसाठी सज्ज ठेवते. गर्भ नसेल, तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडून हा पीतपिंड मोडून टाकते आणि नवा माज येतो. गर्भ असेल, तर साधारण तेराव्या दिवसापासून तो झपाट्याने लांबू लागतो. काही मिलिमीटरचा भ्रूण तीन-चार दिवसांत वीतभर लांबीच्या नाजूक धाग्यासारखा होतो. ह्या धाग्याच्या पेशी ‘इंटरफेरॉन टाऊ’ नावाचे प्रथिन स्रवतात. त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनचे काम रोखले जाते, पीतपिंड टिकतो आणि माज येत नाही.

आता कोडे सुटते. भ्रूण तिसऱ्या दिवशी मेला काय किंवा दहाव्या दिवशी मेला काय, सोळाव्या दिवसाचा निरोप पोहोचतच नाही. गाय २१ व्या दिवशी माजावर येते, अगदी फलन झालेच नसल्यासारखी. बाहेरून दोन्ही प्रकार एकसारखेच दिसतात.

कांडीत काय ठरते?

आता सुरुवातीपासून पाहू. वीर्यकांडी ही पाव मिलिलिटरची बारीक नळी. ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला साठवतात. गायीच्या पेशीत ३० जोड्या, म्हणजे ६० गुणसूत्रे असतात. शुक्राणूत त्यांच्या निम्मी, ३० असतात. त्यांपैकी एक ‘एक्स’ किंवा ‘वाय’ असते. एक्स आले तर कालवड, वाय आले तर गोऱ्हा.

एक्स गुणसूत्र वायपेक्षा मोठे आहे. त्यामुळे एक्स असलेल्या शुक्राणूत वायवाल्यापेक्षा सुमारे ३.८ टक्के अधिक डी. एन. ए. असतो. शुक्राणूंची वेगळवेगळ ह्याच फरकावर आधारलेली आहे. अमेरिकेतील बेल्टस्व्हिल येथील सरकारी संशोधन केंद्रात लॉरेन्स जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत बसवली. डी. एन. ए.ला चिकटून चमकणारा रंग शुक्राणूंना देतात. लेझर किरणासमोरून त्यांची एकेरी रांग जाते. ज्याची चमक जराशी जास्त, तो एक्सवाला. त्या थेंबाला विद्युतभार देऊन बाजूला वळवतात. अशा कांडीपासून सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. मात्र ह्या छाननीत शुक्राणूंना बरेच सोसावे लागते आणि एका कांडीत त्यांची संख्याही नेहमीपेक्षा बरीच कमी ठेवावी लागते. म्हणून गर्भधारणेचे प्रमाण साध्या कांडीपेक्षा काहीसे कमी पडते.

ट्रॅक्टर आल्यापासून गोऱ्ह्याला पूर्वीसारखी किंमत राहिलेली नाही. त्यामुळे शेतकऱ्याला ह्या तंत्राचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कांडी ठरवते ते फक्त लिंग. पुढे जे व्हायचे, ते भ्रूणाला स्वतः पार पाडावे लागते.

एवढेच नव्हे, तर लिंग ‘ठरणे’ आणि ‘घडणे’ ह्यांतही अंतर आहे. वाय गुणसूत्रावरील एस-आर-वाय हे जनुक वृषण घडवण्याची सुरुवात करते, ते पाच-सहा आठवड्यांच्या गर्भात. तोवर कालवड आणि गोऱ्हा ह्यांच्या जननग्रंथी सारख्याच दिसतात. ह्याचा एक पुरावा गोठ्यातच मिळतो. जुळ्यात एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर ती कालवड सहसा वांझ निघते, हा गुराख्यांचा जुना अनुभव आहे. जॉन हंटर ह्यांनी १७७९ साली अशा गायींची शरीररचना वर्णन केली. शिकागोच्या फ्रँक लिली ह्यांनी १९१६ साली त्यामागचे कारण सुचवले. दोन गर्भांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि गोऱ्ह्याच्या रक्तातील द्रव्ये कालवडीच्या जननेंद्रियांची वाढ बिघडवतात. अशा दहा कालवडींतल्या नऊहून अधिक वांझ असतात. त्यांना दोन्ही एक्स गुणसूत्रे मिळालेली असतात, पण त्या वारशाचे पुढे जे व्हायचे, ते होत नाही.

आईची शिदोरी

गायीची अंडपेशी सुमारे ०.१२ मिलिमीटर व्यासाची असते. शुक्राणूच्या मानाने ती प्रचंडच. शुक्राणू आपल्याबरोबर मुख्यतः घट्ट गुंडाळलेला डी. एन. ए. आणतो. अंडपेशी मात्र भरलेले घर असते. बीजकोशात तिची वाढ होत असताना आईच्या जनुकांवरून लाखो निरोप लिहिले जातात. हे निरोप म्हणजे निरोप्या आर. एन. ए. चे रेणू. त्यांतले बरेच लगेच न वापरता साठवून ठेवलेले असतात. शिवाय तयार प्रथिने असतात आणि ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकाही असतात.

लांबच्या वाटेला निघालेल्या मुलाला आईने शिदोरी बांधून द्यावी, तसा हा प्रकार आहे. फलन झाले, की युग्मनजाचा प्रवास सुरू होतो. साधारण एका दिवसात त्याच्या दोन पेशी होतात, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवसाच्या आसपास आठ. ही विभाजने अंडवाहिनीत होतात. भ्रूणाचा आकार वाढत नाही. तेवढ्याच जागेत पेशी लहान लहान होत जातात. आणि हे सगळे काम जवळजवळ पूर्णपणे शिदोरीवर चालते. भ्रूणाची स्वतःची जनुके, म्हणजे आईकडून आलेली निम्मी आणि वडिलांकडून आलेली निम्मी, ह्या काळात बहुतांशी गप्प असतात.

ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. पहिल्या तीन दिवसांत भ्रूणाला कोणती जनुके ‘मिळाली’ ह्यापेक्षा आईची जनुके कशी आहेत आणि तिने शिदोरी कशी बांधली, हे महत्त्वाचे ठरते. उंदरांमध्ये २००० साली ह्याचा एक स्वच्छ पुरावा मिळाला. ‘मेटर’ नावाचे जनुक नसलेल्या उंदरीणी निरोगी असतात. त्यांच्या अंडपेशींचे फलनही होते. पण त्यांचे भ्रूण दोन पेशींवर येऊन थांबतात. भ्रूणाला वडिलांकडून ह्या जनुकाची चांगली प्रत मिळाली, तरी उपयोग होत नाही. गायीच्या अंडपेशीत ‘जे-वाय-१’ हे असेच एक जनुक सापडले. मिशिगन स्टेट विद्यापीठातील गटाने २००७ साली दाखवले, की त्याचे निरोप नष्ट केले तर फार थोडे भ्रूण आठवडाभराच्या अवस्थेपर्यंत पोहोचतात.

मेंडेलच्या चौकटीत आपण आई-वडिलांना समान वाटा देतो. वारशाच्या बाबतीत ते बरोबरच आहे. सुरुवातीच्या कारभारात मात्र सत्ता आईकडे असते.

आठ पेशींचा उंबरठा

शिदोरी कधीतरी संपतेच. आईचे निरोप एकेक करून मोडीत निघतात आणि भ्रूणाला स्वतःची चूल पेटवावी लागते. गायीमध्ये हे हस्तांतर मुख्यतः ८ ते १६ पेशींच्या अवस्थेत होते. प्राण्यागणिक ही वेळ वेगळी आहे :

उंदीर – २ पेशी
डुक्कर – ४ पेशी
माणूस – ४ ते ८ पेशी
गाय, मेंढी – ८ ते १६ पेशी

हे कसे समजले? एक मार्ग विषाचा आहे. एका अतिविषारी अळिंबीत ‘अमॅनिटिन’ नावाचे द्रव्य असते. पेशीत डी. एन. ए. वरून नवे निरोप लिहिणाऱ्या विकराला ते अडवते. गायीचा नुकताच फलित झालेला भ्रूण ह्या द्रव्यात वाढवला, तरी त्याच्या दोन, चार, आठ पेशी होतच राहतात. आठ-सोळा पेशींवर मात्र तो थांबतो. याचा अर्थ तिथपर्यंत नव्या निरोपांची गरज नव्हती, तिथून पुढे आहे.

दुसरा मार्ग अधिक सूक्ष्म आहे. अडचण ही, की पेशीत सापडलेला निरोप आईने साठवलेला की भ्रूणाने नव्याने लिहिलेला, हे ओळखायचे कसे? जर्मनीतील म्युनिक येथील गटाने २०१४ साली त्यासाठी एक युक्ती प्रसिद्ध केली. त्यांनी युरोपीय गायींच्या अंडपेशींचे फलन वशिंडवाल्या, म्हणजे आपल्या गायींच्या कुळातल्या वळूच्या शुक्राणूंनी केले. दोन्ही कुळांच्या जनुकांत जागोजागी एखाद्या अक्षराचा फरक असतो. निरोपात वडिलांच्या कुळाचे अक्षर दिसले, की तो भ्रूणानेच लिहिला असे समजायचे. त्याच्या जोडीला त्यांनी अर्धवट तयार, म्हणजे ताज्या निरोपांचाही शोध घेतला. चार पेशींपासून आठवड्याच्या भ्रूणापर्यंत ६,८४८ जनुके जागी झाल्याचे त्यांना आढळले. त्यांपैकी ५८ टक्के आठ पेशींच्या अवस्थेत जागी झाली होती.

प्रयोगशाळेत भ्रूण वाढवणाऱ्यांना ह्या उंबरठ्याचा अनुभव आधीच आला होता. १९८० च्या दशकात परीक्षानळीत वाढवलेले गायीचे भ्रूण नेमके आठ-सोळा पेशींवर अडत. काही संशोधकांनी ते तात्पुरते मेंढीच्या अंडवाहिनीत ठेवले, तेव्हा ते पुढे सरकले. आसपासची परिस्थिती अनुकूल नसेल, तर हस्तांतर फसते, हा त्याचा अर्थ.

जनुके जागी होण्याआधी त्यांची जुनी बंधने सुटावी लागतात. अंडपेशी आणि शुक्राणू ह्या विशेष कामाच्या पेशी. त्यांच्या डी. एन. ए. वर ‘हे वाचू नये’ अशा अर्थाच्या रासायनिक खुणा असतात. पहिल्या विभाजनांत ह्यांतल्या बहुतेक खुणा पुसल्या जातात आणि पुढे नव्या घातल्या जातात. थोड्या जनुकांवरच्या खुणा मात्र जपाव्याच लागतात. त्या बिघडल्या तर काय होते, हे परीक्षानळीत वाढवलेल्या मेंढ्या आणि गायींत दिसले. काही कोकरे आणि वासरे प्रमाणाबाहेर मोठी जन्मत. स्कॉटलंडच्या रोझलिन संस्थेतील गटाने २००१ साली मेंढ्यांमध्ये ह्याचा संबंध वाढीवर लगाम ठेवणाऱ्या एका जनुकाच्या हरवलेल्या खुणेशी जोडला. त्या जनुकातील अक्षरे जागच्या जागी होती. बिघाड होता तो खुणेत.

उन्हाळा आणि पहिला दिवस

वाशिम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर ह्या भागांत मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असणे नित्याचे आहे. गायीच्या शरीराचे तापमान एरवी साडेअडतीस अंशांच्या आसपास असते. कडक उन्हात, विशेषतः संकरित गायीत, ते ४० अंशांवर जाते. ह्याचा भ्रूणावर काय परिणाम होतो?

फ्लोरिडा विद्यापीठात पीटर हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही गायींना माजानंतरच्या पहिल्या दिवशी, काहींना तिसऱ्या, पाचव्या किंवा सातव्या दिवशी उष्णतेचा ताण दिला आणि आठव्या दिवशी भ्रूण काढून तपासले. पहिल्या दिवशी ताण सोसलेले भ्रूण खुंटले. तिसऱ्या दिवसापासून पुढे तसा परिणाम दिसला नाही. आपण वर जे पाहिले, त्याच्याशी हे जुळते. पहिल्या दिवशी भ्रूणाची जनुके गप्प असतात. उष्णतेला तोंड देण्यासाठी लागणारी बहुतेक सामग्री त्याला नव्याने बनवता येत नाही. शिदोरीत असेल तेवढ्यावरच भागवावे लागते. जनुके जागी होऊ लागली, की त्याचे बळ वाढते.

ह्याच गटाने २००२ साली आणखी एक प्रश्न विचारला : भ्रूणाचा काटकपणा आईकडून येतो की वडिलांकडून? ब्राह्मन ह्या जातीच्या अंडपेशींपासून झालेले भ्रूण होल्स्टीनच्या अंडपेशींपासून झालेल्या भ्रूणांपेक्षा उष्णता अधिक सोसू शकले. वडील दोन्हीकडे सारख्याच जातीचे होते. उलट, होल्स्टीनच्या अंडपेशींना ब्राह्मन वळूचे शुक्राणू देऊन तसा फायदा झाला नाही. ब्राह्मन ही जात अमेरिकेत तयार झाली, पण तिचे मूळ भारतीय आहे : गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाखोरे ह्या गायींचे रक्त तिच्यात आहे. आपल्या गावरान गायीचा काटकपणा तिच्या कातडीत आणि घामात आहेच. तो काही अंशी तिच्या अंडपेशीतही आहे, असे ह्यावरून म्हणता येते.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्यातून एक सोपी गोष्ट निघते. माजाचा दिवस आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस हा सर्वांत नाजूक काळ. नेमके त्याच वेळी आपण काय करतो? गाय भर दुपारी दोन-तीन किलोमीटर चालवत दवाखान्यात नेतो आणि तशीच परत आणतो. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी भरवावी, हा जुना नियम आहे. तो अंडपेशी सुटण्याच्या वेळेशी जुळतो आणि दुपारही टाळतो. त्यानंतर दोन-तीन दिवस सावली आणि हवे तेवढे पाणी द्यावे. ढेप आणि कुटार ह्यांवर होणाऱ्या खर्चापुढे ह्याला काहीच खर्च नाही. उन्हाळ्याचा परिणाम बीजकोशात वाढणाऱ्या अंडपेशींवरही होतो. म्हणून पहिला पाऊस पडला तरी पुढचा महिना-दीड महिना गर्भधारणा कमी राहू शकते. अशा वेळी गायीला लगेच दोष देऊ नये.

दोन्हीकडून आलेली खोट

आता चिपकडे वळू. हस्तांतर झाले, जनुके जागी झाली, पण एखादे अत्यावश्यक जनुकच मोडके असेल तर? एक प्रत मोडकी आणि एक चांगली असली, तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. अशा जनावराला ‘वाहक’ म्हणतात. दोन्ही प्रती मोडक्या असतील, तर मात्र भ्रूण मरतो.

अशी जनुके सापडवायची कशी? मेलेला भ्रूण तर हाती लागत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातील पॉल व्हॅनरेडन ह्यांच्या गटाने २०११ साली उलट बाजूने विचार केला. चिपने तपासलेल्या हजारो गायी-वळूंच्या नोंदींत त्यांनी शोध घेतला : गुणसूत्राचा असा कोणता तुकडा आहे, जो एकेरी स्वरूपात पुष्कळ जनावरांत दिसतो, पण दुहेरी स्वरूपात एकातही नाही? गणिताने जिथे डझनावारी जनावरे दिसायला हवीत, तिथे शून्य असेल, तर ती जनावरे जन्मलीच नाहीत असे म्हणावे लागते. होल्स्टीनमध्ये असे तीन आणि जर्सीमध्ये एक तुकडा मिळाला. होल्स्टीनमधील एक खोट १९६२ साली जन्मलेल्या ‘चीफ’ नावाच्या प्रख्यात वळूपर्यंत मागे नेता आली. त्याच्या मुलींची संख्या सोळा हजार होती. दूध वाढवणारी त्याची चांगली जनुके जगभर गेली आणि त्यांच्या सोबत ही खोटही गेली.

जर्सीचे गणित वर्गात करण्याजोगे आहे. त्या वेळी अमेरिकेतील जर्सींमध्ये पाचात एकाहून थोडी अधिक जनावरे वाहक होती. सोयीसाठी पाचात एक धरू. गाय आणि वळू दोन्ही वाहक असण्याची शक्यता १/५ × १/५ = १/२५. अशा जोडीच्या भ्रूणांत दोन्ही प्रती मोडक्या असण्याची शक्यता १/४. गुणाकार १/१००. म्हणजे शंभरात एक भ्रूण केवळ ह्या एका जनुकामुळे जातो. वळू वाहक आणि गायही त्याचीच मुलगी असेल, तर? चांगली प्रत असलेल्या आईची ती मुलगी वाहक असण्याची शक्यता १/२, त्यामुळे भ्रूण जाण्याची शक्यता १/८. एका आकड्याने रक्तसंबंधातल्या रेतनाचा धोका मुलांच्या ध्यानात येतो.

सर्व खोटी एकाच दिवशी उघडकीला येत नाहीत. ‘डम्प्स’ ह्या नावाने ओळखला जाणारा होल्स्टीनमधील दोष डी. एन. ए. आणि आर. एन. ए. चा कच्चा माल बनवणाऱ्या विकराचा आहे. दोन्ही प्रती मोडक्या असलेला भ्रूण सुमारे चाळिसाव्या दिवसापर्यंत तग धरतो आणि मग मरतो. अशी गाय २१ व्या दिवशी उलटत नाही. ती दीड-दोन महिन्यांनी पुन्हा माजावर येते. दोन माजांमधले अंतर हा म्हणूनच महत्त्वाचा पुरावा आहे. आपल्याकडे वीर्य केंद्रांवरील होल्स्टीन आणि संकरित वळूंची अशा काही ठरावीक दोषांसाठी तपासणी केली जाते.

देशी गायींना वेगळी चिप कशाला, असा प्रश्न येथे पडेल. चिपवर डी. एन. ए. मधल्या हजारो निवडक जागा तपासल्या जातात. जुन्या चिपवरील जागा प्रामुख्याने युरोपीय गायींतील फरकांवरून निवडलेल्या होत्या. आपल्या जातींमध्ये ज्या जागी फरक आहेत, त्यांतल्या अनेक त्यांत नव्हत्या. दुसऱ्या गावच्या नकाशावर आपल्या गावची गल्ली शोधण्यासारखे ते होते. देशी चिपमुळे चांगली कालवड आणि चांगला वळू लहानपणीच ओळखण्याची सोय होते. पुरेशा नोंदी जमल्या, तर आपल्या जातींतले असे ‘गैरहजर’ तुकडेही शोधता येतील.

परंतु चिपलाही मर्यादा आहे. ती काय लिहिले आहे ते सांगते. ते आठव्या पेशीच्या उंबरठ्यावर वाचले जाईल की नाही, हे सांगत नाही. ते आईच्या शिदोरीवर, तिच्या खुराकावर आणि त्या दिवशीच्या उन्हावर अवलंबून असते.

वर्गात काय करता येईल?

ग्रामीण शाळेत ह्या विषयासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. आठवी ते दहावीच्या मुलांना पुढील गोष्टी सहज करता येतील.

१. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या गायींची एक वही करावी. माज दिसल्याची तारीख आणि वेळ, रेतनाची तारीख आणि वेळ, कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, त्या दिवशीचे कमाल तापमान, पुढच्या माजाची तारीख, एवढे स्तंभ पुरेत.

२. वर्षाअखेरीस उलटलेल्या गायींचे दोन गट करावेत : १८ ते २४ दिवसांनी माजावर आलेल्या आणि त्याहून उशिरा आलेल्या. पहिल्या गटात फलन न झालेल्या आणि भ्रूण लवकर गेलेल्या, दोन्ही असतील. दुसऱ्या गटात निरोप पोहोचल्यानंतर गर्भ गेलेल्या असण्याचा संभव आहे. मात्र एखादा माज नजरेतून सुटला असेल, तरी अंतर ४२ दिवसांच्या आसपास दिसेल. ही शक्यता मुलांनीच शोधून काढावी.

३. महिन्यागणिक उलटण्याचे प्रमाण आलेखावर मांडावे. चैत्र-वैशाखातले प्रमाण आणि कार्तिक-मार्गशीर्षातले प्रमाण ह्यांत फरक आहे का? गावरान आणि संकरित गायींत आहे का? गायींची संख्या थोडी असेल, तर निष्कर्ष काढताना कोणती काळजी घ्यावी, ह्याचीही चर्चा व्हावी.

४. वळूच्या क्रमांकावरून कालवडीचा बाप कोण हे लिहून ठेवावे आणि तिला भरवताना तोच क्रमांक पुन्हा येणार नाही, हे पाहावे. वर केलेले १/८ चे गणित येथे प्रत्यक्ष उपयोगी पडते.

अशी वही दोन-तीन वर्षे चालली, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यालाही ती हवीशी वाटेल, कारण निदानाची सुरुवात तारखांपासूनच होते. गायीच्या गर्भाशयाचे आजार, क्षारांची कमतरता, रेतनाची चुकलेली वेळ ही कारणेही असतात आणि त्यांतली बरीच दुरुस्त होण्यासारखी आहेत. म्हणून तिसऱ्यांदा उलटलेल्या गायीच्या गळ्यात बाजाराचे दावे बांधण्यापूर्वी घरच्यांनी मुलाची वही उघडून पाहावी आणि ती घेऊन डॉक्टरांकडे जावे.